सत्याच्या स्थानातील धरणे : देर अल-मदिना येथील कारागीर आणि रामसेस तिसरा याच्या कारकिर्दीतील अन्नतुटवडा

प्रास्ताविक

प्राचीन इजिप्तचा इतिहास आपल्याकडे बहुधा पिरॅमिड, ममी आणि फेरो या तीन शब्दांत आटोपला जातो. या भव्य वास्तू चाबकाच्या धाकाखाली राबणाऱ्या गुलामांनी उभारल्या, ही समजूत तर सुशिक्षितांतही दृढमूल आहे. पिरॅमिडसाठी एक लाख माणसे तीन-तीन महिन्यांच्या पाळीने राबत, असे हिरोडोटसने लिहिले. परंतु तो पिरॅमिडनंतर दोन हजार वर्षांनी इजिप्तला गेला होता. गिझा येथे १९९० पासून उजेडात आलेली कामगारांची थडगी आणि त्यांच्या वस्तीतील भटारखान्यांचे अवशेष, तसेच २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनारी वादी अल-जर्फ येथे सापडलेली मेरेर नावाच्या तुकडीप्रमुखाची रोजनिशी यांमुळे गुलामगिरीचे हे चित्र आता अभ्यासकांनी मागे टाकले आहे. तथापि गुलाम नव्हे तर कोण, आणि त्यांचे राजसत्तेशी नाते नेमके कोणते, या प्रश्नाचे उत्तर पिरॅमिडकाळातील तुटपुंजी साधने पुरेसे देत नाहीत. ते उत्तर शोधण्यासाठी तेराशे वर्षे पुढे, थीब्जच्या पश्चिम तीरावरील एका लहानशा वस्तीत यावे लागते. त्या वस्तीने इ.स.पू. सुमारे ११५७ मध्ये, थकलेल्या शिध्यासाठी, राजाच्या अधिकाऱ्यांना आपल्यापुढे उभे केले. प्रस्तुत लेखाचा विषय हीच घटना होय.

वस्ती आणि तिची साधने

देर अल-मदिना हे अरबी नाव पुढच्या काळातील, तेथील टॉलेमीकालीन मंदिरात ख्रिस्ती भिक्षूंनी वास्तव्य केल्यावर रूढ झालेले. प्राचीन काळी या स्थानाला ‘सेत-मआत’ म्हणजे सत्याचे स्थान म्हणत. रहिवासी मात्र नुसतेच ‘गाव’ म्हणत. राजांच्या दरीतील थडगी खोदणारे, कोरणारे आणि रंगविणारे कारागीर येथे सहकुटुंब राहत. गावकुसाच्या विटांवर थटमोस पहिला याची राजमुद्रा आढळते, त्यावरून वसाहतीचा आरंभ अठराव्या राजवंशाच्या प्रारंभी, इ.स.पू. १५०० च्या सुमारास झाला असे दिसते. भरभराटीच्या काळात तटाच्या आत सुमारे ६८ घरे होती. एकमेकांना चिकटलेली, अरुंद, मागे स्वयंपाकाची जागा आणि वर गच्ची असलेली ही घरे पाहिली की आपल्याकडील चाळीची आठवण होणे स्वाभाविक आहे.

१९०५ पासून शियापारेल्ली या इटालियन पुरातत्त्वज्ञाने, आणि १९२२ ते १९५१ या काळात बर्नार ब्रुयेर या फ्रेंच उत्खननकर्त्याने येथे काम केले. विसाव्या शतकातील मध्यावर गावाच्या उत्तरेकडील एका प्रचंड खड्ड्यातून लिखित खापऱ्या आणि चुनखडीच्या कपच्या हजारोंच्या संख्येने बाहेर आल्या. पपायरस महाग होता, कपच्या मात्र थडगी खोदताना आपोआप निघत. त्यामुळे हिशेब, पत्रे, तक्रारी, धोब्याकडे दिलेल्या कपड्यांच्या याद्या, गाढव भाड्याने दिल्याचे करार, मुलांचे धडे आणि थट्टेची चित्रे, सर्व काही या कपच्यांवर उतरले. यारोस्लाव चेर्नी या चेक विद्वानाने आपले आयुष्य या लेखनाच्या वाचनात घालविले. राजवंशांच्या विजयलेखांत ज्यांना स्थान नाही अशा माणसांचा इतका तपशील प्राचीन जगात क्वचितच इतरत्र मिळेल, आणि तो मिळाला आहे तो त्यांनी फेकून दिलेल्या केरातून.

एकच उदाहरण पुरे. रामसेस दुसरा याच्या ४० व्या राज्यवर्षातील हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात प्रत्येक कारागिराच्या नावापुढे गैरहजेरीचे दिवस आणि तांबड्या शाईने कारणे नोंदली आहेत : आजारपण, डोळ्यांचे दुखणे, विंचूदंश, आईच्या देहाची अंत्यविधीसाठी तयारी, घरी बिअर गाळणे, घरातील स्त्रीची मासिक पाळी. ही कारणे ग्राह्य धरली जात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गुलामाच्या गैरहजेरीचे कारण कोणी लिहून ठेवत नाही.

वेतन आणि पुरवठा

कारागिरांची तुकडी ‘उजवी’ आणि ‘डावी’ अशा दोन बाजूंत विभागलेली असे. प्रत्येक बाजूस एक मुकादम आणि त्याचा दुय्यम; शिवाय नोंदी ठेवणारा लेखनिक. आठवडा दहा दिवसांचा होता. कामाच्या दिवसांत पुरुष डोंगरावरील झोपड्यांतच मुक्काम करीत आणि अखेरच्या सुटीला गावात उतरत. तांब्याच्या छिन्न्या सरकारी मालकीच्या असल्याने वजन करूनच दिल्या आणि परत घेतल्या जात. थडग्याच्या अंधारात जळणाऱ्या दिव्यांच्या वातीसुद्धा मोजून मिळत.

वेतन धान्यरूपाने होते. सामान्य कारागिरास दरमहा ४ खार एमर गहू आणि दीड खार जव, मुकादमास साडेपाच खार गहू आणि दोन खार जव मिळे. एक खार म्हणजे सुमारे ७७ लिटर. एमर गहू म्हणजे आपल्याकडील खपली गहूच. त्याची भाकरी होई आणि जवाची बिअर. याशिवाय मासे, भाजीपाला, सरपण, मडकी आणि पाणी यांचा पुरवठा करण्यासाठी बाहेरची माणसे नेमलेली होती. गाव वाळवंटाच्या कडेला असल्याने तेथे विहीर नव्हती. पिण्याचे पाणीही गाढवांवरून येई. हे सर्व पाहता ही माणसे कुशल, तुलनेने सुस्थित आणि संरक्षित होती. परंतु त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती स्वतःचे अन्न पिकविण्याचे साधन पुरेसे नव्हते. राज्याने पुरवठा थांबविला की चार-सहा आठवड्यांतच चूल थंडावे.

रामसेस तिसरा (राज्यारोहण इ.स.पू. सुमारे ११८६) याच्या कारकिर्दीत नेमके हेच घडले. राज्याच्या पाचव्या आणि अकराव्या वर्षी लिबियनांशी, आठव्या वर्षी ‘समुद्री लोकांशी’ त्याला लढावे लागले. या युद्धांचा आर्थिक भार, देवस्थानांकडे, विशेषतः अमूनच्या संस्थानाकडे वाहत गेलेली जमीन आणि धान्य, आणि याच काळात चढू लागलेले धान्याचे भाव ही कारणे सामान्यतः सांगितली जातात. त्यांपैकी कोणत्या कारणाचे पारडे किती जड, याविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकास मात्र मुख्य दोष धान्याच्या अभावापेक्षा वाटपयंत्रणेत दिसतो; कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे, कारागिरांनी ठिय्या मारला की धान्य कोठून तरी निघतच असे.

एकोणतिसावे वर्ष

घटनेचा मुख्य पुरावा ट्यूरिन येथील संग्रहालयातील एक पपायरस होय. विल्यम एजर्टन यांनी १९५१ मध्ये त्याचे विवेचन प्रसिद्ध केले; तो ‘संपाचा पपायरस’ म्हणून ओळखला जातो. लेखन बहुधा अमेननख्त या लेखनिकाचे आहे. रामसेस तिसरा याच्या १६ व्या वर्षी तो या पदावर आला, आणि ही नेमणूक ज्याने केली तो वजीर ‘तो’ हाच पुढे कारागिरांच्या तक्रारींचा धनी ठरला.

पहिली ठिणगी पूरऋतूच्या दुसऱ्या महिन्यात दिसते. महिन्याचे वीस दिवस उलटूनही शिधा आला नाही, असे अमेननख्तने तुकडीपुढे सांगितले. मग स्वतः होरेमहेबच्या मंदिरात जाऊन ४६ पोती गहू मिळविले. हिवाळ्यात मात्र धीर सुटला. ऋतूच्या दुसऱ्या महिन्याच्या दहाव्या दिवशी सर्व तुकडी दफनभूमीच्या पाच चौक्या ओलांडून, आपण भुकेले आहोत असे ओरडत बाहेर पडली आणि थटमोस तिसरा याच्या स्मृतिमंदिराच्या मागे जाऊन बसली. मुकादम आणि लेखनिक परत बोलवावयास आले. शपथा घेतल्या गेल्या. कोणी हलले नाही. पुढच्या दोन दिवसांत कारागिरांनी रामसेस दुसरा याचे स्मृतिमंदिर, आजचे रामेसियम, गाठले आणि ते आतही शिरले. तेथील पुरोहित व अधिकारी यांच्यापुढे त्यांनी मांडलेले म्हणणे साधे होते : भूक आणि तहान यांनी आम्हाला येथे आणले आहे; कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही; हे राजाला आणि वजिराला लिहून कळवा. त्या दिवशी मागील महिन्याचा थकलेला शिधा चुकता करण्यात आला.

येथे त्यांनी निवडलेली जागा विचारात घेण्याजोगी आहे. राजस्मृतिमंदिरे ही केवळ पूजास्थाने नव्हती. रामेसियमच्या मागील बाजूस विटांच्या कमानींची धान्यकोठारे आजही उभी आहेत. कारागीर राजवाड्यावर चालून गेले नाहीत, त्यांनी काही लुटलेही नाही. जेथे धान्य आहे त्याच्या दाराशी ते जाऊन बसले.

आणखी एक व्यक्ती या नोंदींत ठळकपणे दिसते. पश्चिम थीब्जचा पोलीसप्रमुख मोन्तुमेस याने कारागिरांना पांगविण्याऐवजी सल्ला दिला : वर जा, हत्यारे गोळा करा, दारांना कुलपे लावा, बायकामुलांना घेऊन या, मी स्वतः तुम्हाला सेती पहिला याच्या मंदिराकडे नेतो. व्यवस्थेतील माणसानेच मागणीची न्याय्यता मान्य केल्याचे इतके जुने उदाहरण निदान आमच्या वाचनात दुसरे नाही.

पुढील महिन्यात तुकडी पुन्हा बाहेर पडली, आणि या वेळी तिचा सूर बदललेला होता. आम्ही भुकेपोटी आलेलो नाही, फेरोच्या या स्थानी वाईट कृत्ये होत आहेत, असा आरोप कारागिरांनी केला. भुकेच्या मागणीचे रूपांतर कारभाराच्या चौकशीच्या मागणीत झाले, हे या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वळण होय. ‘मआत’ म्हणजे सत्य, न्याय आणि विश्वाची सुव्यवस्था. ती टिकविणे हे राजाचे आद्य कर्तव्य. आणि कारागीर तर तिच्याच नावाच्या स्थानात राहणारे. राजसत्तेचा सिद्धान्त त्यांनी नाकारला नाही. उलट तो अक्षरशः घेतला.

वजीर ‘तो’ याचा प्रतिसाद बोलका आहे. राजाच्या तिसाव्या वर्षीच्या जयंतीसाठी दक्षिणेकडील देवमूर्ती घेऊन जाण्यास तो थीब्जला आला होता, पण कारागिरांना भेटला नाही. निरोप मात्र पाठविला : कोठारांत काही नसले तरी जे सापडले ते तुम्हाला दिले आहे. मिळाला तो अर्धा शिधा. पुढे एकदा थीब्जचा नगरप्रमुख जवळून जात असता कारागिरांनी त्याला हाका मारल्या. राजाकडून शिधा येईपर्यंत म्हणून त्याने ५० पोती गहू देऊ केले. हे धान्य रामेसियमच्या देवकार्यातील असल्याची तक्रार अमूनच्या मुख्य पुरोहिताकडून झाल्याचेही याच पपायरसात नमूद आहे. उपाशी माणसांना अन्न देणारा अधिकारीच अपहाराचा आरोपी ठरावा, यातून त्या काळच्या कारभाराची गुंतागुंत उमगते.

संप की धरणे?

पाश्चात्त्य ग्रंथांत या घटनेचा उल्लेख ‘इतिहासातील पहिला ज्ञात संप’ असा केला जातो आणि आपण तो अनुवादित करून घेतो. ‘संप’ या शब्दाने वेतनवाढीसाठी, कामगारसंघटनेने, मालकाविरुद्ध पुकारलेला कामबंद डोळ्यांसमोर येतो. येथे यांपैकी काहीच नव्हते. वाढ मागितलेली नव्हती. ठरलेले देणे थकले होते. मालक आणि देव एकच होते. शिवाय काम बंद ठेवणे हे त्यांचे मुख्य शस्त्रही नव्हते. राजाच्या गुप्त थडग्याची माहिती असणाऱ्या माणसांनी चौक्या ओलांडून उघड्यावर येणे, हेच अधिकाऱ्यांना अधिक झोंबणारे होते.

या प्रकारासाठी मराठीत अधिक नेमका शब्द आहे : धरणे. देणेदाराच्या दाराशी अन्नपाण्यावाचून ठाण मांडून देणे वसूल करण्याची प्रथा पेशवाईत सावकार-ऋणको व्यवहारात रूढ होती; पगार तुंबला म्हणजे शिपाईही सरदाराच्या दारी धरणे धरीत. धरणे धरणारा देणेदाराची सत्ता अमान्य करीत नाही, त्याच्या अब्रूला आवाहन करतो. देर अल-मदिनाच्या कारागिरांची कृती या जातकुळीची आहे. अर्थात दोन्ही प्रथांत ऐतिहासिक संबंध मुळीच नाही, आणि इजिप्शियन साधनांत उपोषणाचा भाग नाही. मात्र केवळ ‘पहिला’ हा मान मिळावा म्हणून घटनेवर ‘संप’ हा शब्द लादण्यापेक्षा आपल्या भाषेतील हा शब्द तिचे स्वरूप अधिक उलगडतो, असे आम्हास वाटते.

उत्तरकाल

त्याच ठिय्याच्या वेळी मोसे नावाच्या कारागिराने अमूनची आणि राजाची शपथ घेऊन म्हटले होते की आज मला येथून हलविले, तर एखादे थडगे फोडण्याचा बेत केल्यावाचून मी झोपणार नाही. तो संतापाचा उद्गार होता. परंतु पपायरसाच्या शेवटी पेनानुकेत नावाचा कारागीर आपल्याच दोन सहकाऱ्यांवर रामसेस दुसरा याच्या थडग्यावरील दगड काढून नेल्याचा आरोप करताना दिसतो. रामसेस तिसरा याचा शेवट अंतःपुरातील कटात झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीटी तपासणीत त्याचा गळा खोलवर चिरलेला आढळला. शिध्याची थकबाकी त्याच्या वारसांच्या काळातही चालूच राहिली. रामसेस नववा याच्या १६ व्या वर्षी थडगेफोडीची मोठी चौकशी झाली, आणि पुढच्याच वर्षी या वस्तीतील काही कारागिरांना राणी इसिसच्या थडग्यातील चोरीबद्दल पकडण्यात आले.

लिबियन टोळ्यांच्या धास्तीने विसाव्या राजवंशाच्या अखेरीस, इ.स.पू. ११०० नंतरच्या काळात, गाव ओस पडले. उरलेली कुटुंबे मेदिनेत हाबू येथे, म्हणजे रामसेस तिसरा याच्याच स्मृतिमंदिराच्या भक्कम तटाआड, राहावयास गेली. त्यांतील धुतमोस हा लेखनिक अमेननख्तचाच वंशज होता. त्याचा मुलगा बुतेहामून याच्या हातून पुढे राजांच्या दरीतील थडगी अधिकृतपणे उघडली गेली, ममी पुन्हा गुंडाळून सुरक्षित जागी हलविल्या गेल्या आणि त्यांच्यासोबतचे सोने राज्याच्या तिजोरीत जमा झाले.