रेसर्पिन

सर्पगंधेच्या मुळांतील इंडोल गटाचे अल्कलॉइड. मनोविकारांवरील पहिल्या आधुनिक औषधांपैकी एक. ही मुळे उन्मादावर व रक्तदाबावर गुणकारी असल्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवले. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील आपले निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. सिबा कंपनीच्या बाझेल येथील प्रयोगशाळेत १९५२ मध्ये शुद्ध रेसर्पिन हाती आले आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील परिणाम प्रसिद्ध केले. त्याच काळातील क्लोरप्रोमाझिन या मनोविकारांवरील औषधापुढे ते टिकले नाही. तरीही त्याला मागे पडलेले औषध म्हणून निकालात काढणे अन्यायाचे आहे, कारण मनोविकारांच्या औषधांचे डोपामीनशी असलेले नाते उलगडले ते बऱ्याच अंशी याच रेणूमुळे.

रेणूच्या पाच वलयांच्या सांगाड्यात सहा असममित कार्बन आहेत. तिसऱ्या कार्बनवरची मांडणी उलटली की आयसोरेसर्पिन बनते, आणि ते निष्प्रभ असते. पंचाईत अशी की स्थिरता त्याच उलट्या रूपाला अधिक. रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ च्या संश्लेषणात लॅक्टोन बंधाने रेणू अवघडलेल्या स्थितीत जखडून ठेवला, तेव्हा कुठे तो कार्बन हव्या त्या बाजूला वळला. रसायनशास्त्रातली ही अत्यंत देखणी युक्ती आहे.

चेतापेशी डोपामीन, नॉरॲड्रेनॅलिन व सेरोटोनिन ही संदेशवाहक द्रव्ये पुटिकांत साठवतात. ती आत भरणाऱ्या वाहक प्रथिनालाच रेसर्पिन अडवते. बाहेर उरलेले द्रव्य विकर नष्ट करते. क्लोरप्रोमाझिन या साठ्याला हात न लावता समोरच्या पेशीवरचे ग्राही झाकते. वाटा वेगळ्या, पण दोन्हींनी रुग्ण शांत होतो आणि दोन्हींनी पार्किन्सनसारखा ताठरपणाही येतो. यावर आक्षेप असा, की रेसर्पिन तिन्ही साठे रिते करते. मग श्रेय डोपामीनलाच का? अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना डोपामीनचे पूर्वद्रव्य एल-डोपा दिले आणि ते हालू लागले. सेरोटोनिनच्या पूर्वद्रव्याने तसे घडले नाही. हा पुरावा हालचालीचा आहे, मनोविकाराचा नव्हे, हे मान्यच करावे लागते. ती उणीव १९७० च्या दशकात बरीचशी भरून निघाली : औषध डोपामीनच्या डी-२ ग्राहीला जितके घट्ट चिकटते, तितकी त्याची मात्रा कमी लागते, असे आढळले. ग्राही झाकणाऱ्या या औषधांच्या दीर्घ वापराने जडणाऱ्या अनैच्छिक हालचालींवर अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झालेले व्हॅल्बेनाझिनही, रेसर्पिनप्रमाणे, पुटिकांच्या वाहकालाच अडवते.