एकच लिबर्टी, दोन भाव

अमेरिकन गोल्ड ईगल १९८६ पासून निघतं. त्यावरची मशालधारी लिबर्टी मात्र जुनी, शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी १९०७ च्या वीस डॉलरच्या नाण्यासाठी घडवलेली. नव्या नाण्यावर तिला जरा सडपातळ केलंय, मला जुनीच आवडते!

१९३३ मध्ये रूझवेल्टनी लोकांकडचं सोनं सरकारजमा करायला लावलं. त्या वर्षी पाडलेली ४,४५,५०० नाणी जवळपास सगळी वितळवली. वाचलेल्यांपैकी एकच खासगी मालकीत कायदेशीर ठरलं. २०२१ मध्ये ते सुमारे १.८९ कोटी डॉलरला गेलं.

ईगलमध्ये एक औंस सोनं, छापील किंमत फक्त ५० डॉलर. पण ती लाखोंनी पाडतात, म्हणून साध्या ईगलचा भाव सोन्याच्या दरावरच चालतो. कुणी ‘दुर्मीळ’ म्हणून जास्त मागितले, तर मी आधी विचारेन: त्या वर्षी पाडली किती?