खारपाणपट्टा : विहिरीत पाणी आहे, तरी पोरं पुण्याला का जातात?

अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. इथलं भूजल खारं. ते काळ्या जमिनीला सतत दिलं, तर जमीन चोपण होते. म्हणून विहीर असूनही ओलित होत नाही.

पावसावर कपाशी, सोयाबीन, तूर. ओल टिकली तर हरभरा. पुढे उन्हाळाभर शेतात काम नसतं. दोन भावांचं भागत नाही, मग एक जण पुण्याला कंपनीत जातो.

राहायचं असेल तर? पावसाचं गोडं पाणी साठवणारं शेततळं हा एक मार्ग. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘पोकरा’ प्रकल्पात या पट्ट्यातली गावंही घेतली होती. पण तळ्यात जमीन जाते. दोन एकरवाल्याचा निर्णय तिथेच अडतो.