पाणी कुठं मुरतंय? एका खड्ड्याची शंभर वर्षांची गोष्ट

संशय आला की आपण म्हणतो, पाणी कुठंतरी मुरतंय. आज हाच प्रश्न अगदी शब्दशः विचारायचाय. जिथं गटाराची लाईन पोचलेली नाही, तिथं सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं सांडपाणी जमिनीत मुरवावं लागतं. पण एखादी जमीन रोज किती पाणी पिऊ शकेल, हे घर बांधायच्या आधी कसं ओळखायचं?

याचं सोपं उत्तर शोधणारा माणूस म्हणजे हेन्री रायन. १९२० च्या दशकात तो अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात इंजिनिअर होता. त्यानं काय केलं, तर साधारण एक फूट चौरस खड्डा खणला, आधी पाणी ओतून माती भिजवली, पुन्हा पाणी भरलं आणि पातळी एक इंच खाली जायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघितलं. एवढंच. हीच ती 'पर्कोलेशन टेस्ट'. ना लॅब, ना मशिन.

पण नुसत्या मिनिटांचं करायचं काय? रायन अशा जुन्या घरांकडे गेला जिथं पाणी मुरायचं बंद झालं होतं किंवा बंद पडायच्या बेतात होतं. तिथं रोज किती सांडपाणी सोडलं जातं आणि शेजारच्या मातीत इंचाला किती मिनिटं लागतात, हे त्यानं आलेखावर मांडलं. म्हणजे बघा, आकडे आले ते बिघडलेल्या सिस्टिम्समधून. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर क्रॅश रिपोर्ट वाचून कपॅसिटी ठरवली. मला ही पद्धत मनापासून आवडते. फक्त ती माती न्यूयॉर्कची होती, आणि तेव्हाच्या घरांत पाण्याचा वापरही आजच्यासारखा नव्हता.

मग दुसरं महायुद्ध संपलं. सैनिक परतले, सरकारी हमीवर गृहकर्जं मिळू लागली आणि शहरांबाहेर धडाधड वसाहती उभ्या राहिल्या. घर आज, गटार कधीतरी. थोड्याच वर्षांत ठिकठिकाणी अंगणात घाण पाणी वर यायला लागलं. तेव्हा अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं रायनची चाचणी हातात घेऊन नीट बसवली: ४ ते १२ इंच रुंदीचा खड्डा, तळाला २ इंच खडी, निदान ४ तास आणि शक्यतो रात्रभर पाणी भरून ठेवणं, आणि मग मोजणी. १९५७ मध्ये त्यांचं मॅन्युअल आलं. त्यात एक सूत्र होतं. एक इंचाला लागणाऱ्या मिनिटांचं वर्गमूळ काढा, त्यानं ५ ला भागा. उत्तर येईल एका चौरस फुटाला रोज किती गॅलन पाणी सोडायचं ते. ६० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर ती जागा चरासाठी बाद.

आता आपल्याकडे या. सेप्टिक टँकचं भारतीय मानक आहे, आयएस २४७०. त्याच्या दुसऱ्या भागात हीच चाचणी आहे, आणि सूत्रात ५ च्या जागी २०४ आहे. २०४ कुठून आला? ५ गॅलन प्रति चौरस फूट याचे लिटर प्रति चौरस मीटर करून बघा. २०३.७ येतात! आणि पातळी मोजायची ती २५ मिलिमीटर, म्हणजे तोच एक इंच. युनिट बदललं, कॉन्स्टंट तोच.

या आकड्यावर बरंच काही ठरतं. समजा घरातून रोज ५०० लिटर सांडपाणी निघतं. ४ मिनिटांच्या मातीत ५ चौरस मीटर जागा पुरते, ६० मिनिटांच्या मातीत १९ लागते. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत खड्डा घ्या. भेगा एवढ्या असतात की पाणी ओतलं की गायब. तीच जमीन जुलैत फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी जागचं हलत नाही. खड्डा रात्रभर भरून ठेवायचा तो याचसाठी, माती आधी फुगू दे म्हणून. ही पायरी गाळली की पास झालेला प्लॉट पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो.

१९७० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात योहान बाउमा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आणखी खोलात जाऊन पाहिलं. चाचणीत आपण स्वच्छ पाणी ओततो. खऱ्या सांडपाण्यानं चराच्या तळाशी जिवाणूंचा चिकट थर धरतो, आणि मग पाण्याचा वेग बराचसा तो थरच ठरवतो. त्यानंतर अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी मोठा खड्डा खणून मातीचे थर वाचायला सुरुवात केली. तपकिरी मातीत राखाडी डाग दिसले, तर तिथं वर्षातला काही काळ पाणी साचून राहतं. म्हणजे कोरड्या दिवसात गेलात तरी माती पावसाळ्याचा लॉग दाखवते.

आणि लवकर पास होणारी जमीन चांगलीच, असंही नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडची जमीन वाळूची. पाणी झरझर मुरायचं, चाचणीत पहिला नंबर. पण सांडपाणी गाळलं जायला मातीत थोडं रेंगाळावं लागतं. तिथं ते तसंच भूजलात उतरलं आणि काही घरांत नळाच्या पाण्याला डिटर्जंटचा फेस यायला लागला. कोकणातल्या जांभ्यालाही अशीच भोकं असतात. तिथं परसातच शोषखड्डा आणि परसातच विहीर असेल, तर खड्ड्यातलं पाणी दोन मिनिटांत उतरलं म्हणून खूश व्हायच्या आधी या दोघांमधलं अंतर टेपनं मोजायला हवं.