वारा, वाहन आणि साथ

साथ चालत येते, अशी आपल्या जुन्या माणसांची समजूत होती. पटकी कोणत्या वाटेने आली हे खेडूत बोटाने दाखवीत आणि मरीआईचा गाडा शिवेबाहेर पोचवून मोकळे होत. त्या समजुतीत भाबडेपणा होता, तसा सत्याचा अंशही होता. रोगाला स्वतःचे पाय नसतात. तो माणसाच्या पायांनी आणि वाहनांनी येतो. म्हणूनच वाहनांचा इतिहास लिहू लागले की त्याच्या समासात साथींचा इतिहास आपोआप उमटतो.

१९१८ सालची मानमोडी मुंबई बंदरातून आली. त्या वर्षी १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. पुढचे काम आगगाडीने केले. हिंदुस्थानात एक कोटीहून पुष्कळ अधिक माणसे दगावली, आणि १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात. बीड शहराला आगगाडी मिळाली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ रोजी! पण रूळ संपत तेथून बैलगाडी सुरू होई, आणि बैलगाडीलाही बाजार व जत्रा ठाऊक होत्या.

मग विमान आले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन जुहूला विमान उतरवले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. आगबोटीवर रोगी वाटेतच अंथरूण धरी आणि बंदरातला डॉक्टर त्याला अडवी. विमानाचा प्रवास मात्र रोग प्रकट होण्याआधीच संपू लागला. तोवर १९३३ साली हेग येथे विमानवाहतुकीसाठी आंतरराष्ट्रीय आरोग्यकरार झाला होता. त्या काळात मोठे भय होते पीतज्वराचे, म्हणजे विमानात दडून येणाऱ्या डासाचे. शेजारच्या उतारूच्या श्वासाचा विचार फारसा कोणाच्या मनात नव्हता.

तो विचार करावयास लावला अलास्कातील एका लहान विमानाने. मार्च १९७७ मध्ये यंत्र बिघडल्यामुळे ते काही तास जमिनीवरच खोळंबून राहिले. आत ५४ माणसे, त्यांत एक इन्फ्लुएंझाची रोगी. आणि हवा खेळवणारी यंत्रणा बंद. तीन दिवसांत त्यांतली शेकडा ७२ माणसे आजारी पडली.

एरवी उडत्या विमानातली हवा आपल्या समजुतीपेक्षा चांगली असते. मोठ्या आधुनिक विमानांत ती तासाला वीस ते तीस वेळा बदलते. निम्मी बाहेरून ताजी येते, निम्मी दाट गाळणीतून गाळून पुन्हा सोडतात. ती वरून खाली वाहते, विमानभर लांबवर पसरत नाही. तरीही ही तटबंदी अभेद्य नाही. शेजाऱ्याचा खोकला गाळणीपर्यंत पोचण्याआधी आपल्यापर्यंत पोचतो. १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात सार्सचा एक रोगी होता. तीन तासांच्या त्या प्रवासानंतर २२ जण आजारी पडल्याचे आढळले. मार्च २०२० च्या आरंभी लंडनहून हनोईला गेलेल्या विमानात १५ जणांना करोनाची लागण झाली; त्यांतले १२ रोग्याच्याच दालनात बसलेले होते.

त्याच सुमारास महाराष्ट्रातही हे नाटक घडले. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात करोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले. दुबईची सहल करून परतलेले एक दांपत्य. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी, एक सहप्रवासी आणि मुंबईहून त्यांना पुण्याला आणणारा टॅक्सीचालक बाधित निघाले. सहप्रवाशाला लागण विमानात झाली की दुबईत बरोबर हिंडताना, हे सांगणे कठीण. पण चालक तर दुबईला गेलाच नव्हता. त्याचा संबंध आला तो त्या प्रवाशांशी, टॅक्सीत. आकाशातल्या प्रवासाची चर्चा आपण खूप करतो. जमिनीवरच्या लहानशा बंद डब्याकडे मात्र लक्ष जात नाही.

आणि याची किंमत कोणी मोजली? दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातून मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोड्यांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हे हजारो कोयते साखर कारखान्यांच्या आवारात, कोप्यांतच अडकले. १७ एप्रिलला राज्य शासनाने परतीची परवानगी दिली तेव्हा अशा मजुरांची संख्या लाखाहून अधिक भरली. त्यांतल्या बहुतेकांनी विमान पाहिले असेल ते उसाच्या फडातून मान वर करून. त्या विमानातून उतरलेल्या रोगाने त्यांना घरापासून तोडले.

या दिवाळीत घरोघरी पाहुणे येतील. कोणी विमानाने, कोणी नव्या आगगाडीने, बरेचसे एस. टी.ने. त्यांनी कोणत्याच वाहनाला भिऊ नये. भ्यावे ते कोंडलेल्या हवेला. विमान जमिनीवर रखडले आणि वारा बंद झाला तर चौकशी करावी, खोकला असेल तर तोंड झाकावे आणि एस. टी.त बसल्यावर खिडकी उघडावी. थंडी वाजेल खरी. पण अंगावर घ्यायला आपल्याकडे घोंगडी आहे.