आजारी रानाची कुळकथा

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात हरभऱ्याचा एक तुकडा असा आहे, की तिथं पीक मेलं नाही तर शास्त्रज्ञांना काळजी लागते. मर रोगाची बुरशी तिथं मुद्दाम पोसलेली आहे. कडधान्य संशोधनातली माणसं त्याला ‘सिक प्लॉट’ म्हणतात.

हे कुळ मूळचं जवसाचं. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात एकाच रानात पुन्हा पुन्हा जवस घेतला की तो वाळून जाई. शेतकरी म्हणत, जमीन थकली. हेन्री बॉली यांनी फार्गोला १८९४ पासून एकाच तुकड्यात जवसावर जवस पेरला आणि १९०१ मध्ये खरा गुन्हेगार दाखवला : मातीतली फ्युजेरियम बुरशी. त्या रानात जी रोपं तगली, त्यांचंच बी त्यांनी पुढं धरलं.

हरभऱ्यासाठी ही रीत बसवली ती हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅटमध्ये नेने, हवारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मेलेली झाडं तोडून मातीत गाडायची आणि वर पुन्हा हरभराच पेरायचा. ‘जेजी ६२’ हे मरीला हमखास बळी पडणारं वाण. चाचणीत दर काही ओळींआड ते पेरतात. तेच जगलं, तर शेजारच्या वाणाच्या जगण्याला किंमत नाही.

शेतकऱ्याला हा रोग चकवतो. मेलेलं झाड उपटलं तर मूळ वरून धड दिसतं. उभं चिरलं की आत काळपट रेघ. बोल मात्र पाण्याला लागतो. पीक नसतानाही बुरशी मातीत सहा वर्षं टिकते, त्यामुळे एका हंगामाची फेरपालट तिच्या खिजगणतीत नाही. बियाण्याला ट्रायकोडर्मा जरूर चोळावं, पण माझा भरवसा वाणावरच जास्त. राहुरीनं १९९३ मध्ये ‘विजय’ दिला, २००६ मध्ये ‘दिग्विजय’. दोन्ही मरीला दाद न देणारे.

तरी एका रानाचा निकाल सगळीकडे चालत नाही. याच बुरशीच्या भारतात चार जाती असल्याचं हवारे आणि नेने यांनी १९८२ मध्ये दाखवलं. हैदराबादची वेगळी, कानपूरची वेगळी, गुरुदासपूरची आणि हिसारचीही वेगळी. म्हणून नवं वाण देशातल्या अनेक आजारी रानांत पेरून बघावं लागतं.