नाताळातील घरची कॅरमेल

१४. कॅरमेल : साखर, दाट क्रीम, लोणी आणि कॉर्न सिरप आटवून केलेली मऊ, चिवट वडी. अमेरिकेत अनेक कुटुंबांत ती नाताळाच्या आधी घरीच करतात. एकजण पातेले ढवळतो. बाकीचे मेणकागदाचे तुकडे कापून वड्या गुंडाळतात आणि दोन्ही टोकांना पीळ देतात. भरलेले डबे शेजारीपाजारी, नातेवाइकांकडे जातात. पाक साधारण ११८ ते १२० अंश सेल्सिअसला उतरवतात. पाक झाला की नाही याची परीक्षा अशी : थेंबभर पाक गार पाण्यात सोडायचा, बोटांनी वळायचा, गोळी धरली, पण दाबल्यावर चेपली, की झाले. तिळगुळासाठी आपण गोळीबंद पाक असाच पाहतो. चार-पाच अंश जास्त झाले तर वडी दाताला कडक लागते, कमी पडले तर ओघळते. कॉर्न सिरपमुळे साखर पुन्हा कणी धरत नाही. तांबूस रंग मुख्यतः साखर करपल्याचा नव्हे. तो दुधातील प्रथिने आणि साखर यांच्या अभिक्रियेतून येतो. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या शहरात पाणीच ९५ अंशांच्या आसपास उकळते, म्हणून तिथे पाकही सुमारे ५ अंश आधी उतरवावा लागतो. बाजारी कॅरमेलही जुनेच : मिल्टन हर्शी यांनी १८८६ मध्ये लँकेस्टर कॅरमेल कंपनी काढली आणि १९०० मध्ये ती १० लाख डॉलरना विकून ते पुरते चॉकलेटकडे वळले. – संपादक